बायकोच्या मागावर कोणी असेल तर: ठाणे-नवी मुंबईतल्या नवरा-बायकोने काय करायचं, कोणत्या क्रमाने

कोर्ट नाक्यावर मी फौजदारी वकिली करते. बायकोच्या मागे कोणीतरी हात धुऊन लागलाय म्हणून जी जोडपी येतात, त्यातल्या नवऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मॅडम, मी त्याला समज देऊन आलोय." मग आमचं काम दुप्पट होतं.

एक प्रकरण सांगते. घोडबंदर रोडचं जोडपं, ती ऐरोलीला नोकरीला. जुन्या ऑफिसातला एक जण आठ महिने तिच्या मागावर होता. रोज मेसेज, दर वेळी नवा नंबर. एका शनिवारी नवऱ्याने दोन मित्र गाडीत घातले, त्याच्या बिल्डिंगखाली जाऊन त्याची कॉलर धरली. समोरच्याच्या शर्टाच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगवर होता. सोमवारी हे दोघं तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले, तर त्याची मारहाणीची आणि धमकीची तक्रार शनिवारी रात्रीच नोंदवून झालेली. तिची आठ महिन्यांची खरी तक्रार आता सूडापोटी केल्यासारखी दिसायला लागली.

थरारपटातल्या नायकाला वही लिहावी लागत नाही. तुम्हाला लागेल. खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. बहुतेकांचं काम फसतं ते टप्पा ५ आणि ७ आधी आणि २ आणि ३ नंतर केल्यामुळे.

## सुरुवातीआधी: तुमच्याकडे वेळ आहे का?

तो दारापर्यंत आला असेल, हात धरला असेल, वाट अडवली असेल, ॲसिडची किंवा जिवाची धमकी दिली असेल, "तुझ्या दारात जीव देतो" म्हणाला असेल, मुलांच्या शाळेबाहेर दिसला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि ११२ लावा. वही नंतर. धमकीतला "जीव देतो" हा प्रकार लोक प्रेमवेडेपणा म्हणून हसण्यावारी नेतात. कृपा करून नेऊ नका.

लोकलमध्ये किंवा फलाटावर घडलं असेल तर ते काम लोहमार्ग पोलिसांचं. त्यांची मदतवाहिनी १५१२, रेल्वेची १३९. ठाण्याला आणि वाशीला लोहमार्ग पोलीस ठाणी आहेत. ट्रान्स हार्बरवर रोज एकाच डब्यासमोर उभा राहणारा माणूस हा प्रकार मी इतक्या वेळा ऐकलाय की आता पहिला प्रश्न तोच विचारते: "कितीची गाडी?"

आणखी एक गोष्ट आधीच लिहून ठेवा: तुमचं घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे आणि ऑफिस कोणत्या. घर कासारवडवलीला आणि ऑफिस रबाळ्याला असेल तर आयुक्तालयंही दोन होतात, ठाणे आणि नवी मुंबई. खारघर, कामोठे, पनवेलचे लोक नवी मुंबई पोलिसांकडे जातात, पण त्यांचा जिल्हा रायगड, त्यामुळे कोर्ट पनवेलचं. हे आधी माहीत असलं की खेटे वाचतात.

## टप्पा १: दोघांनी एकदाच, पूर्ण बोलणं

असा माणूस नवरा-बायकोतल्या फटीत बोट घालून ती रुंद करतो. बायकोला मेसेज करून भागलं नाही की नवऱ्याला करतो: "तुमची मिसेस काल साडेसातला कुठे होती विचारा." नवरा विचारतो. तिथे त्याचं अर्धं काम झालं.

म्हणून एक संध्याकाळ काढा. मुलं आजीकडे, टीव्ही बंद. तिने पहिल्या ओळखीपासून आजपर्यंतचं सगळं सांगायचं. लग्नाआधी काही असेल तर तेही. कधी तिने त्याला हसून उत्तर दिलं असेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या असतील, एखादी कॉफी प्यायली असेल, तर तेही. नवऱ्याने ऐकायचं. "मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" हा प्रश्न त्या दिवशी गिळायचा. तो विचारला की पुढच्या वेळी ती निम्मं लपवणार, आणि ते निम्मं उलटतपासणीत त्याचा वकील काढणार. तुम्ही ते पहिल्यांदा तिथे ऐकलंत, तर तुमचा चेहरा न्यायाधीशांना दिसतो.

घरातल्यांचं काय? सासूबाईंना सुनेने सांगायचं नाही, मुलाने सांगायचं. "आई, एक माणूस हिला त्रास देतोय, आम्ही दोघं मिळून बघतोय, तुला कोणाचा फोन-फोटो आला तर उत्तर देऊ नकोस, मला दाखव." एवढंच. हे वाक्य तुम्ही आधी बोललात तर त्याने पाठवलेला फोटो वाया जातो. नंतर बोललात तर सारवासारव वाटते.

सावधान: एकमेकांचे फोन चोरून तपासणं इथून पुढे बंद. जे बघायचं ते दोघांनी शेजारी बसून.

तपासा: त्याच्याशी झालेल्या ओळखीची तारीख, शेवटचं स्वेच्छेने झालेलं बोलणं आणि पहिला नकार, या तीन गोष्टी दोघंही सारख्याच सांगता का? नसाल तर अजून एकदा बसा.

## टप्पा २: वही

दोनशे पानी, शिवलेली वही घ्या. स्पायरल नको, पानं फाडली-जोडली असा आरोप होतो. पानांना क्रमांक टाका. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: तारीख आणि वेळ, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं, पुरावा कुठे ठेवलाय.

"आज परत त्रास दिला" ही नोंद निरुपयोगी. एका क्लायंटच्या वहीतली नोंद, थोडी बदलून: "मंगळवार, सकाळी ८.४०. ऐरोली स्टेशन, पूर्वेकडचा जिना. निळा रेनकोट, काळी सॅक. 'एकदा बोल, मग जातो' म्हणाला. मी थांबले नाही. रिक्षा स्टँडपर्यंत मागे आला. सोबत ऑफिसमधली मैत्रीण होती. फोटो नाही." शेवटचे दोन शब्द मला फार आवडतात. जे नाही ते नाही असं लिहिणाऱ्या बाईवर कोर्ट विश्वास ठेवतं.

वही तिनेच लिहायची, स्वतःच्या अक्षरात, त्याच दिवशी. नवऱ्याला स्वतः काही दिसलं असेल तर त्याने खाली वेगळी नोंद करून सही करावी. भावना लिहायच्या असतील तर दुसरी वही घ्या. खरंच घ्या, उपयोग होतो, पण ती फाइलमध्ये लावायची नाही.

आधीचे महिने आठवून लिहिताना वर स्पष्ट लिहा: "यापुढची चार पानं आठवणीतून, अमुक तारखेला लिहिली." नक्की तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या आधीचा आठवडा" असं लिहिलेलं चालतं. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. एक तारीख चुकीची निघाली की बाकीच्या एकोणतीसही संशयात येतात.

## टप्पा ३: पुरावा, फोनला हात लावण्याआधी

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. घाबरून फोन फॉरमॅट करतात, नंबर बदलतात, चॅट उडवतात. मग माझ्याकडे येऊन म्हणतात, "मॅडम, हजार मेसेज होते." होते.

क्रम असा:

१. व्हॉट्सॲपवर त्या चॅटमध्ये आपोआप गायब होणारे मेसेज चालू आहेत का बघा, असतील तर आधी बंद करा. पाठवणाऱ्याला स्वतःचे मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत दोन्हीकडून पुसता येतात. टेलिग्रामवर आणि इन्स्टाग्रामवर तर केव्हाही. म्हणून आलेला मेसेज "रात्री बघू" म्हणून ठेवू नका.

२. स्क्रीनशॉट काढताना नुसता मजकूर नको. त्याचा नंबर किंवा प्रोफाइल, तारीख आणि वेळ त्याच चित्रात दिसली पाहिजे. तुम्ही त्याला "सायको" नावाने सेव्ह केलं असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त "सायको" दिसतं, नंबर नाही. नंबर उघडून दाखवणारा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्रामवर दिसणारं नाव तो बदलत राहील, युजरनेमही बदलता येतं आणि त्यासोबत प्रोफाइलची लिंकही बदलते, म्हणून दर वेळी लिंक कॉपी करून तारखेसकट वहीत लिहा. शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा: प्रोफाइलपासून सुरू करून चॅट वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवत.

३. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, फोटोंसकट. तुमची उत्तरंही त्यात राहू द्या. कितीही लाज वाटली तरी. तुम्ही पुसलेलं त्याच्या फोनवर शिल्लक असतं आणि तो ते नेमकं तेवढंच कोर्टात आणतो.

४. सगळं एका पेन ड्राइव्हवर, एक प्रत दोघांपैकी एकाच्याच माहितीतल्या नव्या ईमेलवर. मूळ फाइल क्रॉप करू नका, त्यावर लाल गोल काढू नका. गोल काढायचाच असेल तर छापील प्रतीवर.

५. ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहावं लागतं. हे वकील बघेल. तुमचं काम मूळ फोन जिवंत ठेवण्याचं.

आता एक रुपयाची गोष्ट. सगळीकडून ब्लॉक झालेला माणूस यूपीआयवरून १ रुपया पाठवतो आणि खालच्या नोटमध्ये लिहितो, "फक्त एकदा भेट." एका मुलीला अकरा दिवसांत चौदा रुपये आले होते. ती रडकुंडीला आली होती. मी मात्र खूश झाले, कारण खोट्या प्रोफाइलला नाव नसतं, पण यूपीआयवर बँक खात्यावरचं नाव येतं आणि प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो. ते पैसे परत पाठवू नका. परत पाठवणं म्हणजेही संपर्क.

सीसीटीव्हीचं घाईने बघा. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये जुनं फुटेज पुसून नवं बसत जातं, अनेक ठिकाणी दोन ते चार आठवड्यांत. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या: अमुक तारीख, अमुक वेळ, गेट क्रमांक दोन, फुटेज जपून ठेवावं. पोच घ्या. तोंडी सांगितलं तर "हो हो, काढून ठेवतो" आणि महिन्याने "ओव्हरराइट झालं हो ताई." गेटवर ॲप असेल तर त्यात आलेल्या-नाकारलेल्या पाहुण्यांची वेळ आणि फोटो असतो, त्याचेही स्क्रीनशॉट. आलेली फुलं, केक, पाकीट फेकू नका. पाकिटावरचं लेबल, डिलिव्हरी देणाऱ्याची वेळ, वॉचमनच्या रजिस्टरातली ओळ, सगळ्याचा फोटो. केकचा फोटो काढून केक टाका, मुंग्या होतात.

तपासा: वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर "पुरावा क्र." आहे का? नसेल तर "नाही" असं तरी लिहिलंय का?

## टप्पा ४: दारं-खिडक्या लावणं

पुरावा जपून झाल्यावरच हे करा.

त्याला तिचं ठिकाण नेमकं कळतंय असा संशय असेल तर कारण बहुतेक वेळा साधंच निघतं. व्हॉट्सॲपच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत जुन्या ऑफिसचा संगणक लॉग-इन राहिलेला असतो. गूगल खात्यात तीन वर्षांपूर्वीचा फोन दिसतो. गूगल मॅप्सवर कोणे एके काळी सहलीसाठी शेअर केलेलं लोकेशन अजून चालू असतं. धावण्याच्या ॲपवर रोजची सकाळची फेरी सगळ्यांना दिसते, सुरुवात तुमच्या बिल्डिंगपासून. यादीचा आधी स्क्रीनशॉट, मग लॉग-आउट, मग पासवर्ड बदल, मग दोन टप्प्यांची पडताळणी. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला ईमेल आणि नंबर कोणाचा आहे तेही बघा.

गाडी तपासा: स्कूटरची डिकी, सीटखाली, नंबरप्लेटच्या मागे, कारच्या डॅशबोर्डखाली. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असेल तर सूचना देतात, ती सोय चालू आहे ना बघा. ट्रॅकर सापडला तर जागेवरच फोटो काढा, रुमालाने उचला, फोडू नका. पोलिसांकडे द्या.

जुना नंबर बंद करायचा नाही. तो साध्या हँडसेटमध्ये घालून घरी ठेवा, आवाज बंद. आठवड्यातून दोनदा नवऱ्याने किंवा बहिणीने बघून नोंद करावी. नवा नंबर मोजक्या लोकांना. असं केलं की तिला रोज ते वाचावं लागत नाही आणि पुरावाही येत राहतो. नंबरच बंद केला तर तो ऑफिसच्या रिसेप्शनवर पोचतो, असा माझा अनुभव.

## टप्पा ५: एकच नकार, तिच्याच फोनवरून

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे (आधी तो भारतीय दंड संहितेत ३५४ ड होता). त्यातला कळीचा भाग असा: स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यानंतरही पुरुषाने वारंवार पाठलाग करणं किंवा संपर्क साधणं. तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं हाही याच कलमात वेगळा प्रकार आहे. नापसंती तिने दाखवलेली असायला हवी. नवऱ्याने त्याच्या नंबरवरून दिलेल्या शिव्या या कामी येत नाहीत, उलट त्याच्या कामी येतात.

मसुदा असा पुरतो:

"मला तुमच्याशी कोणताही संपर्क ठेवायचा नाही. फोन, मेसेज, ईमेल, भेटवस्तू, दुसऱ्या कोणातर्फे निरोप, माझ्या घराजवळ किंवा ऑफिसजवळ येणं हे सर्व आजपासून थांबवा. यानंतर संपर्क केल्यास मी पोलिसांत तक्रार करीन."

पाठवला, पोचल्याचा स्क्रीनशॉट घेतला, संपलं. यात काय नाही ते बघा. "प्लीज" नाही. "माझं लग्न झालंय" नाही, कारण मग तो लग्नावर वाद घालतो. "माझे मिस्टर चिडतील" नाही, कारण मग त्याला वाटतं अडचण मिस्टरांची आहे, तिची नाही. तिने आधीच कधी असा स्पष्ट नकार लिहून दिला असेल तर नवा पाठवू नका. तो जुना शोधून पुराव्यात वर लावा.

यानंतर पूर्ण शांतता. तीस मेसेजना उत्तर दिलं नाही आणि एकतिसाव्याला "बास कर ना" एवढं लिहिलं, तर त्याने एकच धडा घेतला: एकतीस मेसेज लागतात.

सावधान: तो माणूस आधी हिंसक झालेला असेल, किंवा पूर्वीचा नवरा असेल, तर हा मेसेज वकिलाशी किंवा पोलिसांशी बोलल्याशिवाय पाठवू नका. नकार पोचल्यानंतरचे काही दिवस सगळ्यात बिथरलेले असू शकतात. तेव्हा तिला स्टेशनवर आणा-सोडायला कोण जाणार, हे मेसेजच्या आधी ठरलेलं हवं.

## नवऱ्याने न करायच्या गोष्टी

त्याला भेटायला जाऊ नका. मित्रांना पाठवू नका. ओळखीच्या नगरसेवकाकडून दम देववू नका. त्याचा फोटो "या माणसापासून सावध" म्हणून सोसायटीच्या किंवा जातीच्या ग्रुपवर टाकू नका, बदनामीचा दावा येतो. त्याचं इन्स्टाग्राम उघडायला पुतण्याला बसवू नका, परवानगीशिवाय खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा गुन्हा आहे आणि तो तुमच्यावर लागेल. बायकोच्या नावाने त्याच्याशी गोड बोलून "पुरावा काढायचा" प्रयत्न तर मुळीच नको. हा शहाणपणा करणारे वर्षाला दोन-तीन तरी भेटतात, आणि त्यांनी काढलेला पुरावा समोरचा वकील माझ्याआधी वाचून दाखवतो: "बघा, ताईच बोलत होत्या."

## टप्पा ६: कोणाला सांगायचं

थोडक्यात. वॉचमनला फोटो दाखवा आणि एकच सूचना द्या: आत सोडायचं नाही, वाद घालायचा नाही, वेळ लिहायची. शाळेत लेखी द्या की मुलाला आई-बाबा आणि अमुक एक नातेवाईक सोडून कोणाकडे देऊ नये. ऑफिसात एचआरला ईमेल, तोंडी नाही. तो सहकारी असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ही मुदत लोक हमखास घालवतात.

शेजाऱ्यांपैकी एकाच घराला सांगा. मजल्याला सांगितलं की विंगला कळतं.

## टप्पा ७: पोलीस ठाणं

अर्ज दीड पानाचा. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे. पहिल्या परिच्छेदात तो कोण आणि ओळख कशी. दुसऱ्यात नकार कोणत्या तारखेला दिला. तिसऱ्यात नकारानंतरच्या सहा-सात ठळक घटना, तारीखवार. शेवटी मागणी: कलम ७८ खाली गुन्हा नोंदवावा, शिवाय प्रतिबंधक कारवाई करावी. निनावी धमक्या असतील तर कलम ३५१, घरात घुसला असेल तर ३२९, तेही लिहा. वहीची झेरॉक्स आणि पेन ड्राइव्ह सोबत. मूळ वही द्यायची नाही, तपास अधिकाऱ्याने रीतसर पंचनाम्याने मागितली तरच द्यायची. अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायचीच.

बोलायचं तिने. ठाणे अंमलदार सवयीने नवऱ्याकडे बघून विचारतील, "काय झालंय साहेब?" नवऱ्याने म्हणायचं, "हीच सांगेल," आणि खरंच गप्प बसायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. ७८ सारख्या गुन्ह्यात बाईची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तेव्हा नम्रपणे मागणी करा. पुढे साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा झाला तर स्त्रीला घराबाहेर कुठे बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

वेळ निवडा. दहीहंडीला ठाणे शहरात आणि विसर्जनाच्या दिवशी सगळीकडेच पूर्ण पोलीस ठाणं बंदोबस्तात असतं. तातडी नसेल तर ते दिवस टाळा. तातडी असेल तर कुठलाही दिवस, कुठलीही वेळ.

आता मोठा खड्डा: एनसी. "मॅडम, एनसी करून घेतो, बोलावून समज देतो." एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तिच्यात तपास होत नाही. कलम ७८ दखलपात्र आहे, पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून एफआयआरच मागा. ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवायची असते. तसं सांगितलं तर तारीख वहीत लिहा आणि पंधराव्या दिवशी दारात हजर व्हा. "आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर सांगा, हद्द कोणतीही असो नोंद करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

खोटी प्रोफाइल, मॉर्फ केलेले फोटो असतील तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका आणि तिचा क्रमांक अर्जात लिहा. १९३० ही मदतवाहिनी पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय या सेवेवर फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा देता येतो. सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो त्यांच्याकडे रोखतात.

तपासा: हातात यापैकी काय आहे? पोच असलेला अर्ज, एनसी क्रमांक, की गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजे एफआयआरचा? तिन्हीला लोक "कम्प्लेंट केली" म्हणतात. कामाचा तिसरा.

## टप्पा ८: नोंद झाली नाही तर, आणि झाल्यावरही

नोंद झाली नाही तर भांडू नका. तोच अर्ज, पोच जोडून, परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा. तरीही हालचाल नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मदतवाहिनी १५१००. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे कित्येक नोकरदार बायकांना माहीतच नसतं.

नोंद झाली की अपेक्षा जमिनीवर ठेवा. पहिल्या वेळचा कलम ७८ जामीनपात्र आहे. बहुधा त्याला नोटीस देऊन बोलावतील आणि सोडतील. पोलीस फितले असा याचा अर्थ नाही, कायदाच तसा आहे. "परदेशातल्यासारखी जवळ न येण्याची ऑर्डर काढा ना मॅडम," असं विचारतात. अनोळखी माणसाविरुद्ध तशी तयार सोय आपल्याकडे नाही. जवळचे दोन रस्ते आहेत. एक, चॅप्टर केस: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली त्याच्याकडून एक वर्षापर्यंतचा शांततेचा बाँड लिहून घेता येतो, आणि तो मोडला की पोलिसांच्या हातात काहीतरी असतं. अर्जात प्रतिबंधक कारवाई मागायला सांगितली ती यासाठीच. दुसरा, दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम. वेळ आणि पैसा लागतो, पण नाव-गाव माहीत असलेल्या हट्टी माणसावर तो चालतो. पूर्वीचा नवरा असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश यापेक्षा लवकर मिळू शकतो.

आणि मागे लागलेली व्यक्ती बाई असेल, लक्ष्य नवरा असेल तर? असे नवरे येतात, लाजत येतात. कलम ७८ फक्त पुरुषाने स्त्रीच्या केलेल्या पाठलागाला लागतं, म्हणून इथे ते मिळणार नाही. धमकीला ३५१, खंडणीला ३०८, वाट अडवण्याला १२६ (हे न्याय संहितेतलं, वरचं १२६ वेगळं), बदनामीला ३५६, खोट्या प्रोफाइलला माहिती तंत्रज्ञान कायदा, आणि चॅप्टर. टप्पे १ ते ४ जसेच्या तसे. टप्पा ५ चा मेसेज नवऱ्याने स्वतः पाठवायचा, बायकोने शेजारी बसून वाचलेला असावा. बायकोने त्या बाईला फोन करून "बाई बाईशी बोलते" हा प्रयोग करू नये. मी दोनदा त्याची रेकॉर्डिंग ऐकली आहेत.

वही नोंद झाल्यावर बंद करायची नाही. तो गप्प बसला तरी आठवड्याला एक ओळ: "या आठवड्यात काही नाही." बाँडच्या काळात आणि खटला चालू असेपर्यंत.

तारखेला दोघांनी मिळून या. ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात तो तुमच्यापासून हातभर अंतरावर उभा असेल, कधी आईला घेऊन. ती माउली हात जोडेल, "पोराचं करिअर आहे हो." उत्तर द्यायचं नाही, नमस्कारही नाही. जागा बदलून पोलिसांच्या बाकाजवळ बसा. त्याने काही बोललंच तर वेळ लिहा आणि पुकारा झाला की मला आत जाण्याआधी सांगा, आत गेल्यावर नाही.